एवढं सगळे ओरडले, तरी मालिका ऐकत का नाही? टीआरपीचं गणित, साध्या भाषेत

२०२४ मधली गोष्ट. 'आई कुठे काय करते' मालिकेत आशुतोष केळकर गेला, त्या दिवशी मिरजेहून आईचा फोन आला. हॅलोसुद्धा म्हणाली नाही. "अगं, प्रोमो आल्यापासून ग्रुपवर सगळ्याजणी नको नको म्हणत होत्या. फेसबुकवर तर किती जणींनी लिहिलं असेल. तरी त्यांनी त्याला मारलंच. कुणी वाचतच नाही का गं ते?"

मालिकेची नायिका अरुंधती, तिचा घटस्फोट झाला तेव्हा हीच आई रडली होती. पुढे अरुंधतीचं आशुतोषशी लग्न लागलं त्या आठवड्यात भिशीच्या बायकांनी शिरा केला होता. त्यामुळे तिचा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. दर गुरुवारी 'या आठवड्यात कोणती मालिका नंबर वन' अशा याद्या फिरायला लागल्या की असेच प्रश्न घरोघरी विचारले जातात. कमेंटमध्ये जिचं एवढं कौतुक, ती मालिका बंद होते. जिला सगळे नावं ठेवतात, ती वर्षानुवर्षं चालते. हे होतं कसं?

आईला मी थोडक्यात सांगितलं ते असं : वाचतात. पण मालिकेचं भवितव्य ज्या आकड्यावर ठरतं, त्या आकड्यात तुमचं लिहिणं धरलेलं नसतं. आता सविस्तर सांगते.

आधी पैसा कुठून येतो ते बघू

आपण समजतो, वाहिनी आपल्याला मालिका विकते. आपण दरमहा केबलचे किंवा डिशचे पैसे भरतो, त्यातला काही वाटा वाहिनीला जातो, हे खरं. पण मोठी कमाई जाहिरातींची. नियमाप्रमाणे एका तासात १२ मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात, त्यातच वाहिनीने स्वतःच्या कार्यक्रमांची केलेली जाहिरातही आली. हा वेळ दहा-दहा सेकंदांच्या हिशेबाने विकला जातो.

साबण किंवा चहाची कंपनी दहा सेकंद विकत घेताना एकच विचारते : त्या वेळी समोर माणसं किती असतील? त्या प्रश्नाचं सगळ्यांना मान्य असलेलं उत्तर म्हणजे टीआरपी, लांबलचक नाव टेलिव्हिजन रेटिंग पॉइंट. हा आकडा काढते 'बार्क', म्हणजे ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल ही संस्था. वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरात एजन्सी या तिघांची ती सामाईक. बाजारात विकणारा आणि घेणारा दोघांनी मिळून एकच तराजू ठेवावा, तसं हे आहे. बार्कची मोजणी २०१५ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी ग्रामीण भागातली घरंही त्या मोजणीत आली.

मीटर काय करतं?

ज्या घरांत मोजणी होते, तिथे टीव्हीजवळ एक छोटं यंत्र ठेवलेलं असतं. ते बघत नाही, ऐकतं. प्रत्येक वाहिनी आपल्या आवाजात एक खूण मिसळून पाठवते. माणसाच्या कानाला ती कळत नाही, मीटरला कळते. गल्लीत आरोळी आली की आतल्या खोलीतूनसुद्धा आपण ओळखतो, हा भाजीवाला आणि हा भंगारवाला. मीटर तसंच वाहिनी ओळखतं आणि किती वाजता कोणती वाहिनी लागली होती ते टिपून ठेवतं.

टीव्ही लागला होता हे कळलं, पण समोर कोण बसलं होतं? त्यासाठी घरातल्या प्रत्येकाला एक बटण दिलेलं असतं. बसलं की आपलं बटण दाबायचं, उठलं की परत दाबायचं. पाहुण्यांचीही सोय असते. दोन वर्षांवरचं प्रत्येक माणूस मोजणीत धरतात.

माझी आई साडेसातला टीव्ही लावायची, आवाज मोठा करायची आणि स्वयंपाकघरात जायची. तव्यावर पोळी, कान बाहेर. अरुंधतीचा पहिला नवरा अनिरुद्ध चढ्या आवाजात बोलायला लागला की लाटणं हातात तसंच घेऊन दारात येऊन उभी राहायची. पोळी करपली की माघारी पळायची. अरुंधती रडायला लागली की गॅस बंद करून खुर्चीत येऊन बसायची. हा अर्धा तास मीटरला कसा दिसला असता? बटण दाबलेलं, वाहिनी लागलेली : बाई पाहत आहेत. लाटणं हातात घेऊन उभी असलेली मिनिटं आणि गॅस बंद करून बसलेली मिनिटं, दोन्ही सारखीच. टीआरपीला जीव किती गुंतला ते कळत नाही. हजेरी किती ते कळतं.

या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल, तर हेच ठेवा. पुढचं सगळं यातूनच निघतं.

'सात टीआरपी' म्हणजे सात काय?

सात लाख नव्हे आणि सात टक्के घरंही नव्हे. एक चाळ घ्या, शंभर माणसांची. साडेसात ते आठ एक मालिका लागते. पाच जण पूर्ण तीस मिनिटं बघतात. चौघं मधेच येतात आणि पंधरा मिनिटं बघतात. बाकी एक्याण्णव जण बघतच नाहीत. पाच जणांची दीडशे मिनिटं, चौघांची साठ, मिळून दोनशे दहा. त्याला मालिकेच्या तीस मिनिटांनी भागलं की येतात सात. या मालिकेचा टीआरपी झाला सात. मराठीत एवढा आकडा मिळवणारी मालिका अव्वल मालिकांत बसते.

यातली मेख कळली का? चाळीतले एक्याण्णव लोक जी मालिका बघतसुद्धा नाहीत, ती अव्वल असू शकते. आणि नुसतं डोकावून जाणाऱ्यापेक्षा शेवटपर्यंत बसणारा माणूस जास्त मोलाचा. भागाच्या शेवटी दार उघडतं, कुणाचा तरी चेहरा दिसतो न दिसतो तोच 'उद्याच्या भागात' सुरू होतं. ब्रेकच्या आधी संगीत चढतं आणि तीन वेळा तोच चेहरा दिसतो. या सगळ्याचं मूळ मिनिटांच्या या हिशेबात आहे. तुम्ही उठू नये म्हणून ते केलेलं असतं.

"पण आमच्याकडे तर कधीच मीटर आलं नाही!"

हे मला प्रत्येक जण सांगतो आणि त्यात थोडा अविश्वास असतो. तो रास्त आहे. बार्कच्याच २०२० च्या पाहणीप्रमाणे देशात टीव्ही असलेली घरं साधारण २१ कोटी. मीटर २०२५ मध्ये ५८ हजारांच्या आसपास होते. म्हणजे साधारण साडेतीन-चार हजार घरांमागे एक. तुमच्या ओळखीत कुणाकडे मीटर नसणं अगदी साहजिक आहे. आणि असलं तरी ते तुम्हाला सांगणार नाहीत, कारण ही घरं गुप्त ठेवतात. 'आमच्याकडे बसवा' म्हणून मागूनही ते मिळत नाही.

एवढ्याशा घरांवरून एवढ्या मोठ्या देशाचं कसं कळणार? शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. पातेलं पाच माणसांचं असो की लग्नाचं, चार शितं दाबून बघितली की भात झाला की नाही ते कळतं. अट एकच, शितं नीट निवडली पाहिजेत. सगळी वरूनच काढली आणि खाली भात लागला असेल, तर फसगत होते. म्हणून घरं निवडताना शहर-खेडं बघतात, घरातल्या कमावत्या माणसाचं शिक्षण बघतात आणि ठरलेल्या ११ वस्तूंपैकी घरात किती आहेत ते बघतात. त्या यादीत पंखा, गॅस, फ्रिज, दुचाकी आहे, तशी शेतजमीनसुद्धा आहे. घरं अधूनमधून बदलतातही.

तरी या पद्धतीला मर्यादा आहेच. एक मालिका ५.९ आणि दुसरी ६.० असेल, तर कोण पुढे हे छातीठोकपणे सांगता येत नाही. एवढा फरक नुसत्या शितांच्या निवडीनेही पडतो. नंबर एक-नंबर दोनच्या याद्यांवरून चाहते एकमेकांशी भांडतात तेव्हा मला वाईट वाटतं ते यासाठी. जिथे प्रेक्षक मुळात कमी, तिथे हा गोंधळ आणखी वाढतो. लहान वाहिन्यांच्या चांगल्या मालिकांवर यात अन्याय होऊ शकतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

मराठी वाचकांनी आणखी एक जाणून घ्यावं. मराठी वाहिन्यांचा जो टीआरपी आपण वाचतो, तो महाराष्ट्र आणि गोवा या बाजारपेठेचा असतो. बेळगावात, इंदूरला, बडोद्यात बसून मराठी मालिका जिवापाड बघणारी घरं त्या आकड्यात नाहीत. दुबईतली आणि न्यू जर्सीतली तर नाहीतच.

मग कमेंट जाते कुठे?

पंगत आठवा. वाढप्याला हाक मारून 'मठ्ठा फक्कड झालाय' म्हणणारे दोघं, 'भाजी खारट आहे' म्हणणारे दोघं. मुकाट्याने जेवून उठणारे साठ. यजमान त्या चौघांचं ऐकतो, पण 'जेवण कसं झालं' हे तो शेवटी पानांवरून ठरवतो. किती पानं वाढली, किती पंगती उठल्या, पानात काय टाकलं गेलं.

कमेंट करणारे ते चौघं आहेत. बहुतेक मोबाइल हाताळणारे, बहुतेक खूप खूश किंवा खूप चिडलेले. ज्या आजी रोज सातच्या ठोक्याला टीव्हीसमोर बसतात आणि इन्स्टाग्राम म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही, त्या मुकाट्याने जेवणाऱ्या साठांत आहेत. वाहिनीला पंगत चालवायची असते ती त्यांच्या भरवशावर.

म्हणून एक मालिका मोबाइलवर राज्य करते आणि टीव्हीवर रेंगाळते, असं होऊ शकतं. 'नवरी मिळे हिटलरला' मधल्या एजे आणि लीलाच्या जोडीवर चाहत्यांनी काय प्रेम केलं! त्यांचे प्रसंग कापून, गाणी लावून लोक रात्ररात्र व्हिडिओ करत होते. तरी मे २०२५ मध्ये मालिका संपली. त्या प्रेमात खोट नव्हती. पण त्या प्रेमाची मोजणी करणारं मीटर कुणाच्याच टीव्हीजवळ नव्हतं.

याचा अर्थ लिहिणं फुकट जातं असा काढू नका. टीआरपी फक्त 'किती' सांगतो, 'का' सांगत नाही. मंगळवारी प्रेक्षक कमी झाले, हे आकडा दाखवतो. ते सासऱ्याच्या आजारपणाला कंटाळून गेले की क्रिकेटची मॅच होती म्हणून गेले, हे तो सांगू शकत नाही. तिथे लेखक आणि वाहिनीची माणसं तुमच्या प्रतिक्रियांकडे वळतात. प्रोमो आला की पहिल्या तासात लोक काय म्हणतात ते बघतात. एखादं छोटं पात्र लोक उचलून धरतायत, एखादी जोडी आवडतेय, हे आधी तिथेच दिसतं. म्हणून 'बंद करा ही मालिका' या कमेंटचा कुणाला काही उपयोग नसतो. 'ती शिकलेली मुलगी आहे, एवढी गोष्ट तिला कळत नाही हे पटत नाही' या कमेंटचा असतो. दुसरीत लेखकाला हात घालायला जागा आहे.

मग लगेच बदल का होत नाही?

तारखा मोजा. बार्कचा आठवडा शनिवारी सुरू होतो, शुक्रवारी संपतो, आणि आकडे येतात त्याच्या पुढच्या गुरुवारी. सोमवारचा भाग लोकांना आवडला की नाही, हे आकड्यांत कळायला दहा दिवस जातात. तोवर पुढचे भाग लिहून, चित्रित होऊन, काही तर दाखवूनही झालेले असतात.

उलट बाजूने, हातातला साठाही फार नसतो. रोजची मालिका काही दिवसांच्या भागांच्या 'बँके'वर चालते. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनामुळे महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं, तेव्हा मराठी मालिकांनी अक्षरशः बिऱ्हाड हलवलं, कुणी गोव्याला तर कुणी सिल्वासाला. मे महिन्यात गोव्यानेही चित्रीकरण बंद केलं, की पुन्हा जागेची शोधाशोध. साठा भरपूर असता तर ही धावपळ कशाला झाली असती? ज्या मालिकेत भाग आज लिहायचा, परवा चित्रित करायचा आणि पुढच्या आठवड्यात दाखवायचा, तिथे कथेला मागे वळायला वेळ नसतो. कमेंट वाचून लेखकाला पटलं, तरी बदल पडद्यावर यायला पंधरा-वीस दिवस लागतात. तोवर आपण 'ऐकतच नाहीत' म्हणून चिडलेलो असतो.

"शिव्या घालत बघितली तरी मोजतात?"

मोजतात. पुरेपूर मोजतात. अरुंधतीचा संसार मोडणाऱ्या संजनाच्या नावाने बोटं मोडत बघितलेला अर्धा तास आणि अरुंधतीसाठी डोळे पुसत बघितलेला अर्धा तास, मीटरला दोन्ही तीस मिनिटंच. खलनायिका जिंकत राहते, गुपित महिनोन् महिने फुटत नाही, नायिकेवरचा आळ सरत नाही, कारण त्या दिवसांत आपण चिडतो खरे, पण उठत नाही. वाहिनीला आपला राग दिसतो आणि आपली हजेरीही दिसते. दोन्ही समोर आल्यावर ती हजेरीवर विश्वास ठेवते.

खरोखर न पटलेला भाग असेल तर टीव्ही बंद करणं ही सगळ्यात स्पष्ट प्रतिक्रिया आहे. आता म्हणाल, माझ्या घरी मीटर नाही, मी बंद केला काय आणि नाही काय! तुमच्या एका घराने आकडा हलणार नाही, खरं आहे. पण तुमच्यासारख्याच घरांतून ती शितं निवडलेली असतात. जे तुम्हाला असह्य झालं, ते बहुधा त्यांनाही झालेलं असतं.

मोबाइलवर बघणाऱ्यांचं काय?

टीआरपी टीव्हीवरच्या प्रक्षेपणाचा असतो. तोच भाग रात्री अंथरुणात पडून अ‍ॅपवर बघितला, तर तो टीआरपीत येत नाही. काही अ‍ॅपवर पैसे भरणाऱ्यांना भाग टीव्हीच्या आधीच दिसतो. सगळ्यात उत्सुक चाहता तो तिथे बघून मोकळा होतो आणि संध्याकाळी टीव्ही लावत नाही. म्हणजे ज्याचा जीव सगळ्यात जास्त, तोच हजेरीतून गळतो. अ‍ॅपचा वेगळा हिशेब असतो, तो वाहिन्या बघतातही, पण 'नंबर वन' च्या यादीत तो नसतो. सकाळच्या किंवा दुपारच्या पुनःप्रक्षेपणाची मोजणीही वेगळी होते, रात्रीच्या मूळ भागात ती मिसळत नाही. आवडती मालिका तगावी असं मनापासून वाटत असेल, तर ती टीव्हीवर, तिच्या वेळेला, घरच्यांना घेऊन बघा. यापेक्षा थेट उपाय मला माहीत नाही.

आणि मीटर असलेल्या घराला कुणी फितवलं तर?

ही शंका हवेतली नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी काही वाहिन्यांनी मीटर असलेल्या घरांना पैसे देऊन वाहिनी लावून ठेवायला सांगितल्याचा आरोप केला. त्यानंतर बार्कने वृत्तवाहिन्यांचे आकडे देणं थांबवलं, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं. तो खटला सरकारने २०२४ मध्ये मागे घेतला. मनोरंजन वाहिन्यांचे आकडे त्या काळातही येतच होते. घरं जितकी कमी, तितकं एखाद्या फितवलेल्या घराचं वजन जास्त, हे साधं गणित आहे. म्हणून मीटर वाढवा ही मागणी वर्षानुवर्षं होते आहे, आणि प्रेक्षक म्हणून ती आपलीही असायला हवी.

साडेसातवरून अडीच

मार्च २०२४ मध्ये 'आई कुठे काय करते' संध्याकाळी साडेसातवरून दुपारी अडीचला गेली. साडेसातला 'घरोघरी मातीच्या चुली' ही नवी मालिका आली. बाहेरून बघणाऱ्याला ही शिक्षा वाटते. वाहिनीच्या बाजूने बघितलं तर संध्याकाळचा वेळ म्हणजे मुख्य रस्त्यावरचं दुकान आणि दुपार म्हणजे आतल्या गल्लीतलं. चार वर्षं चाललेल्या मालिकेचं ठरलेलं गिऱ्हाईक आतल्या गल्लीतही येतं. मुख्य रस्त्यावर नवा माल मांडता येतो.

आई आली आतल्या गल्लीत. दुपारची झोप सोडली. अडीचला पोळ्या नसतात, म्हणून आता ती सुरुवातीपासून खुर्चीतच बसायची, दाराला आतून कडी लावून. स्वयंपाकघरातून धावत येण्याचं कारणच उरलं नव्हतं. ३० नोव्हेंबर २०२४ ला शेवटचा भाग लागला. २३ डिसेंबर २०१९ ला सुरू झालेली मालिका, पाच वर्षांना तीन आठवडे कमी. त्या दुपारी तिने ग्रुपवर आवाजी निरोप टाकला आणि तोच मलाही पाठवला. त्यात आशुतोषबद्दलची तक्रार पुन्हा होतीच. मग थोडं थांबून म्हणाली, "पण अरुंधती झालेल्या मधुराणीने काम फार जीव लावून केलं गं. हे तिला कुठे कळवता येतं का बघ."

मी तो निरोप ऐकून लिहून काढला आणि शेवटच्या भागाच्या पोस्टखाली टाकला, खाली आईचं नाव घालून.